भट्टीच्या तीन रेघा

बालसंरक्षण खात्याच्या बाई चार वाजता येणार होत्या. घरच्यांनी जेवणं उरकल्यापासून बेकरी अशी घासायला घेतली होती, की जणू चौकशी पावाच्या पत्र्यांचीच व्हायची आहे. आठवड्यातली ही एकच दुपार भट्टी बंद असायची आणि एरवी त्या दुपारी सगळं घर घोरत पडलेलं असायचं. आज मात्र थोरला मुलगा, म्हणजे साऱ्या घराचा भाऊ, मैद्याच्या कोठ्या पुसत होता. त्याची बायको, दादांची सूनबाई, काउंटरच्या काचा पुसत होती. दादा, या मुलांचे म्हातारे वडील, आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसून एकच सुरी पुन्हा पुन्हा पुसत होते. आणि धाकटा, ज्याला सगळे वकील म्हणत, तो काहीच पुसत नव्हता. तो सल्ला देत होता.

वकील खरं तर पावाची व्हॅन चालवायचा. कायद्याच्या कॉलेजात त्यानं एक वर्ष काढलं होतं, दुसऱ्या वर्षी कॉलेजनं त्याला काढलं. पण तेवढ्या शिदोरीवर त्यानं घरातल्या प्रत्येक भांडणात कुणाचं ना कुणाचं वकीलपत्र घेतलेलं होतं, आणि प्रत्येक खटला हरलेलाही होता.

"सगळ्यांनी एकच बोलायचं," तो पीठ मळायच्या मोठ्या टेबलावर बूड टेकवून म्हणाला. "पोरगी धावत होती. पाय घसरला. हात भट्टीच्या दारावर टेकला. संपलं. पुढं एक अक्षर बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि मुंगी काय सांगेल?" सूनबाईनं पुढच्या दुकानातून विचारलं.

"तिला मी पढवलंय की."

"हो का? मग ती मघाशी मला का विचारत होती, की काका म्हणतो मी पडले, पण कुठून पडले ते सांगितलंच नाही?"

भाऊला हसू आलं आणि लगेच त्याला हसू आल्याचा राग आला. त्यानं फडकं बादलीत आपटलं.

मुंगी सात वर्षांची होती. सारखी साखरेच्या कोठीपाशी सापडायची म्हणून मुंगी. आणि एकदा हट्टाला चिकटली की सुटायची नाही, त्या अर्थानंही मुंगीच. गेल्या आठवड्यात तिनं सगळ्यांची नजर चुकवली, फ्रॉकची बाही वर सारली, कॉलर दातांत धरली, आणि भट्टीच्या उघड्या दाराच्या आतल्या अंगाला असलेल्या तापल्या लोखंडी पट्ट्यांवर आपण होऊन हात टेकवला. दाराला पट्ट्या तीन. पोरीच्या हातावर रेघा तीन.

असलं काही दुसऱ्या घरातल्या मुलीच्या डोक्यात आलं नसतं. बाकीच्या घरांत पोरांना आगीची भीती घालतात. या घरात भाजल्याच्या खुणा मिरवायची रीत होती. भाऊच्या मनगटावर खूण होती, वकिलाच्या अंगठ्यावर होती (ती चहाच्या किटलीची आहे असं सूनबाईचं मत होतं), आणि सगळ्यांत देखणी खूण दादांची: डाव्या हातावर, एकाखाली एक, तीन सरळ रेघा. तिची गोष्ट घरातल्या प्रत्येक पोरानं मांडीवर बसून ऐकलेली. दादा आठ वर्षांचे असताना त्यांनी एकट्यानं पावाचा पहिला पत्रा भट्टीतून ओढला, भट्टीनं त्यांना खूण दिली, आणि ते रडले नाहीत. ज्याला खूण तो भट्टीचा. मुंगीनं हे ऐकून ऐकून पाठ केलं होतं, आणि तिला थांबायचं नव्हतं, इतकंच.

आणि मग या शहाण्या माणसांनी काय करावं? पोरगी डबडबलेल्या डोळ्यांनी हात पुढं करून उभी राहिली, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. वकिलानं तिला खांद्यावर घेतलं. दादांनी तिला पत्र्यावरचा पहिला गरम पाव दिला. भाऊ, तिचा बाप, आधी दचकला, मग म्हणाला, "आहे बाबा, आमचीच आहे." काउंटरवर सूनबाईला टाळ्या ऐकू आल्या. तिला वाटलं, कसली मोठी ऑर्डर मिळाली. ती हसतच आत आली होती.

हे सगळं खात्याला कळलं कसं, हा आता घरातला खरा प्रश्न होता. फोनवर बाईंनी तक्रार करणाऱ्याचं नाव सांगितलं नव्हतं. कायद्यानं ते सांगता येत नाही, म्हणाल्या. तेव्हापासून वकिलानं अर्धी गल्ली आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली होती. शेजारचा घड्याळवाला, कारण तो सारखा भिंगातून बघतो. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, कारण मुंगीनं त्यांच्या वर्गात भट्टी काढली होती आणि तिला दात काढले होते.

"कोण का असेना," भाऊ म्हणाला. "माझ्या पोरीला माझ्यापासून तोडायला निघालाय तो. उद्या तिला नेली तर? एखाद्या परक्या घरात ठेवली तर? तिला झोपताना पायाशी उशी लागते, हे कुणाला माहीत असणार आहे तिथं?"

त्याचे मोठाले हात मळायच्या टेबलावर नुसतेच पडले होते.

---

आत्या तेव्हा समोरच्या फुटपाथवर बंद दुकानाच्या पायरीशी उभी होती आणि रस्ता ओलांडत नव्हती.

ती दादांची मधली मुलगी. दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची, मुलांच्या दवाखान्यात नर्स होती, आणि घरात तिला चिडवायला सिस्टर म्हणत. तिच्या हातावर खूण नव्हती. तिच्या लहानपणी मुलींना भट्टीपाशी येऊ देत नसत, त्या काउंटरवर. त्यावरून भाऊनं आणि वकिलानं तिला आयुष्यभर चिडवलं होतं, आणि तिनं दोघांच्या पोरपणीच्या उवा काढल्या होत्या, त्यामुळे हिशेब तसा फिटलेला होता.

मुंगीला दवाखान्यात सूनबाईनं आणलं तेव्हा आत्याच ड्यूटीवर होती. जखम तिनं दिव्याखाली धरून बघितली. चुकून चटका बसला तर माणूस हात ओढतो. ओढला की डाग फराटतो, कडा पुसट होतात. या रेघा फूटपट्टीनं ओढल्यासारख्या होत्या. असा डाग हात दाबून धरला तरच पडतो. कुणी दाबून धरला, एवढाच प्रश्न.

"काय झालं गं, मुंगे?" तिनं मलम लावताना विचारलं होतं.

"ते घरचं आहे," मुंगी म्हणाली. "बाहेर नाही सांगायचं."

"मी बाहेरची?"

मुंगीनं विचार केला. "तुझ्याकडे खूण कुठाय?"

आत्यानं त्यानंतर फोन केला. तिला दुसरा रस्ता नव्हता. मुलांवर उपचार करणाऱ्यानं, शिकवणाऱ्यानं, मुलाच्या अंगावर संशय यावा असं काही बघितलं तर कळवायचंच, असा कायदा. ज्यानं बघितलं त्यानंच कळवायचं. वरच्यांवर ढकलायचं नाही, खात्री होईपर्यंत थांबायचं नाही. आणि मूल आपल्या भावाचं आहे म्हणून सूट नाही. दरवर्षी नव्या नर्सना हे तीच समजावून सांगायची, मोठ्या तोऱ्यात. भाऊनं कधी माशीवरही हात उगारला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. पण प्रत्येक मुलाच्या आत्याला आपल्या भावाबद्दल हेच ठाऊक असतं, आणि तिनं अशा पुष्कळ आत्या बघितल्या होत्या. आपलेच दात, आपलेच ओठ. फोन ठेवल्यावर तिनं औषधाच्या खोलीत जाऊन तोंडावर टॉवेल दाबून रडून घेतलं होतं.

आता ती गप्प राहू शकत होती. तिचं नाव कायदाच झाकणार होता. बाई येतील, जातील, आणि घड्याळवाल्याशी तिच्या माहेरचं बोलणं कायमचं बंद होईल. एवढं सोपं होतं.

तिनं रस्ता ओलांडला.

---

"आली बाई एकदाची!" वकील ओरडला. "ताई, तूच सांग यांना. तुमच्या दवाखान्यात असल्या केसेस येतात ना? पाय घसरला म्हणायचं की नाही?"

"नाही म्हणायचं," आत्या म्हणाली. "कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि वकील, घड्याळवाल्याच्या मागं लागणं बंद कर. फोन मी केला होता."

मग भाऊ उठला.

"काय केलंस?"

"खात्याला फोन. मी. दवाखान्यातून."

"तू." भाऊ तिच्याजवळ आला. "अगं, मला विचारायचंस! दोन गल्ल्या चालून यायचं होतंस, माझ्या दोन थोबाडीत द्यायच्या होत्यास. मी खाल्ल्या असत्या. तू परक्या माणसांना फोन करतेस? माझ्यावर?"

"तुझ्यावर नाही रे. मुंगीसाठी."

"ते दोन वेगळं करून मला सांगू नकोस! तिला नेलं ना आज, तर या घराचं दार तुला बंद. लक्षात ठेव."

"त्यांना ओरडू नका," सूनबाई मध्ये आली. तिच्या हातात अजून ओलं फडकं होतं. "मीच नेलं होतं मुंगीला वन्संकडे."

"ते माहितेय. मलम लावायला."

"मलम घरात आहे. मी तुम्हाला सांगून गेले, की बूट आणायला चाललेय. ताकाला जाऊन भांडं लपवलं मी." ती नवऱ्याकडे न बघता बोलत होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिला इथं माया कमी पडली नव्हती, आणि म्हणूनच हे बोलणं जड जात होतं. "त्या दिवशी मी आत आले तर तुम्ही सगळे हसत होता. पोरीची हनुवटी थरथरत होती आणि तुम्ही हसत होता. मी म्हटलं, अहो, हे बरोबर नाही. तर तुम्ही काय म्हणालात? तुला नाही कळायचं, तू भट्टीची नाहीस. दादा पण हसले. मग मला वाटलं, जिचं या घरात ऐकतील अशा कुणाला तरी हे दिसू दे. फोन होईल हे मला ठाऊक नव्हतं. पण झाला म्हणून मला वाईट वाटलेलं नाही."

भाऊ दुसऱ्या एका स्टुलावर बसला. वकिलानं वहिनीकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि हवा कुठली आहे ते ओळखून टेबलाच्या त्या बाजूला सरकला. "मीही तेव्हा म्हणणारच होतो," तो पुटपुटला.

"तू तिला खांद्यावर घेऊन नाचत होतास," सूनबाई म्हणाली.

"नाचता नाचता म्हणणार होतो."

कुणीही हसलं नाही, पण खोलीतला ताण जरा सैलावला. आत्यानं ती संधी घेतली आणि भावाचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला नाही.

"हे बघ," ती हळू आवाजात म्हणाली. "ही तुझी खूण. फराटा आहे नुसता. चटका बसला, तू हात ओढलास. वकिलाचा तर ठिपका आहे."

"किटलीचा," सूनबाई म्हणाली.

"मुंगीच्या रेघा सरळ आहेत. कडा स्वच्छ. तिनं काही सांगितलं नाही, तरी मला कळलं, की हात दाबून धरला होता. आणि अशा रेघा मी..." आत्या थांबली. तिला पुढचं बोलायचं नव्हतं, पण ती दादांकडे बघत होती, आणि मग सगळेच बघायला लागले. दादांची डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती, नेहमीसारखी. तीन रेघा. फूटपट्टीनं ओढल्यासारख्या.

दादांनी सुरी खाली ठेवली आणि बाही खाली ओढली. त्यांना असं करताना घरात कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात दुकानाचं दार वाजलं.

---

बाई पन्नाशीच्या, हातात कापडी पिशवी, पायात आरामाचे बूट. आत आल्या आणि मैद्याच्या वासानं त्यांना लागोपाठ शिंका आल्या. सूनबाईनं पाणी दिलं. वकिलानं "पोरगी धावत होती" इथपर्यंत सुरुवात केली, तेव्हा भाऊच म्हणाला, "गप रे." मग बाईंनी नाक पुसत सांगितलं, की आधी त्या मुंगीशी एकट्या बोलणार. घरच्यांपैकी कुणीही समोर नको. तसा नियम आहे.

म्हणून मुंगीला घरातून बोलावलं आणि सगळे पुढच्या दुकानात जाऊन उभे राहिले, आपल्याच दुकानात गिऱ्हाइकांसारखे. भाऊचे डोळे आतल्या दारावर खिळले होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं त्याचं झालं होतं. मुंगीनं खरं सांगितलं तर टाळ्या बाहेर येणार, खोटं सांगितलं तर आणखी वाईट. आणि या सगळ्यात त्याच्या डोक्यात एकच चित्र फिरत होतं: पोरीची थरथरणारी हनुवटी. ती त्यानं त्या दिवशी बघितली होती. बघितली होती आणि हसला होता.

"दुखलं असेल ना गं तिला?" त्यानं बायकोला विचारलं.

"तीन रात्री झोपली नाही ती."

"मला का नाही उठवलंस?"

"तिनंच नको म्हटलं. बाबांना सांगू नकोस, म्हणाली. खूण काढून घेतील."

भाऊनं तोंड फिरवलं. सूनबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिचा राग कुठं गेला, तिला कळलं नाही.

दार उघडलं. मुंगी उड्या मारत आली आणि म्हणाली, "मी सांगितलं, की पडले नाही. काका, सॉरी."

"हरकत नाही," वकील म्हणाला. "असंही हरणारच होतो."

बाई टेबलाशी बसल्या. मुंगी आईच्या कुशीत शिरली. "तिला कुणी मारलं नाही, कुणी तिचा हात धरला नाही, हे मला कळलं," बाई म्हणाल्या. "घरी राहायची तिला भीती वाटत नाही. उलट तुम्हा सगळ्यांबद्दल इतकं सांगितलं, की मला थांबवावं लागलं. पण कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाला इजा करणं ही एक. आणि इजा होईल असं डोळ्यांसमोर असून ते न थांबवणं, ही दुसरी. त्याला दुर्लक्ष म्हणतात."

"दुर्लक्ष?" दादा पहिल्यांदाच बोलले. "अहो, आमचं सगळ्यांचं लक्ष तिच्यावरच असतं."

"म्हणून तर टाळ्या वाजल्या, आजोबा." बाईंचा आवाज कडक नव्हता. "सात वर्षांच्या मुलीला वाटलं, की भाजून घेतल्याशिवाय ती या घरची होत नाही. मी उद्या तिला इथं ठेवायची, तर हे पुन्हा घडणार नाही, हे मला कळायला हवं. हे सुरू कुठून झालं?"

वकिलानं तोंड उघडलं. ती गोष्ट सांगायला त्याला फार आवडायची. पण दादांनी हात वर केला.

"ती गोष्ट खोटी आहे," दादा म्हणाले.

त्यांनी बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

"मी पत्रा ओढला नव्हता. मी झोपलो होतो. पहाटेची वेळ, लहान पोर, डोळा लागला. सगळे पाव कोळसा झाले. बापानं बकोटीला धरून आणलं आणि माझा हात दारावर ठेवला. हलू नये म्हणून कोपर दाबून धरलं. आई इथं उभी होती, याच टेबलापाशी, पीठ मळत. तिनं मळणं थांबवलं नाही. थांबवलं असतं, तर पुढची पाळी तिची होती." दादा सावकाश बोलत होते, जणू दुसऱ्या कुणाचं सांगत होते. "दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं विचारलं, पोराच्या हाताला काय झालं? बाप शेजारीच उभा. आई म्हणाली, त्यानं काल पहिला पत्रा ओढला, भट्टीनं खूण दिली. गिऱ्हाईक म्हणालं, शाब्बास रे पठ्ठ्या! मला ते शाब्बास फार आवडलं. तोपर्यंत मला कुणी म्हटलंच नव्हतं. मग मी तीच गोष्ट सांगत सुटलो. सांगता सांगता मलाच खरी वाटायला लागली."

भाऊ आपल्या मनगटाकडे बघत होता.

"मग मला चटका बसला तेव्हा?" त्यानं विचारलं. "तुम्ही किती खूश झाला होतात, दादा. मला रडायला येत होतं आणि तुम्ही सगळ्या गल्लीत पाव वाटत होतात."

"हो रे," दादा म्हणाले. "मी समोरच होतो. तू पत्रा ओढलास, हात लागला, ओढून घेतलास. मला वाटलं, याला भट्टीनं भाजलं. बापानं नाही. मला त्याचाच इतका आनंद झाला, की तुझं रडू मला दिसलंच नाही. माझं चुकलं बाळा."

भाऊ एवढा मोठा बाप्या, पण तो उठून दादांपाशी गेला आणि लहान पोरासारखा त्यांच्या पोटात तोंड घालून बसला. त्याला बापाचा राग आला नव्हता. आपण ज्याचा अभिमान धरून वाढलो ते एका घाबरलेल्या पोरानं रचलेलं होतं, आणि ते पोर आत्ता आपल्याला थोपटत होतं, याचंच त्याला रडू येत होतं.

मुंगीनं आईच्या कुशीतून मान वर काढली. "दादा, मग तुम्ही रडला होता?"

"खूप रडलो होतो. साखरेच्या कोठीमागं लपून."

"मी पण तिथंच रडले," मुंगी म्हणाली.

बाईंना पुन्हा शिंक आली. ती मैद्याची होती की नाही, हे त्याच जाणोत.

---

मग त्यांनी काय काय करावं लागेल ते सांगितलं. मुलगी घरातच राहील. भट्टीच्या खोलीला कुलूप, ती मोठी होईपर्यंत तिला आत प्रवेश नाही. त्या स्वतः अधूनमधून येतील, कधी न सांगताही. मुंगीशी बोलायला एक समुपदेशक ताई येतील. आणि खात्यातली नोंद इतक्यात बंद होणार नाही.

भाऊ प्रत्येक अटीला मान डोलवत होता. बाईंनी भट्टी विझवून टाका म्हटलं असतं, तरी त्यानं डोलवली असती. मुलगी घरातच राहील यापुढं त्याला काही ऐकू आलेलं नव्हतं. सूनबाई मात्र नीट ऐकत होती. कुलूप कुठलं आणायचं, हेसुद्धा तिनं मनात ठरवून टाकलं.

"आणि ती गोष्ट," बाई पिशवी उचलत म्हणाल्या, "आता खरी सांगा. तिला झेपेल तेवढी."

"सांगेन," दादा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बाई, एक विचारू? तेव्हा तुमचं खातं असतं, तर मला या घरातून नेलं असतं?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. "बहुतेक नेलं असतं."

"मग आईपाशी कोण राहिलं असतं?"

बाईंनी उचललेली पिशवी पुन्हा टेबलावर ठेवली.

"न्यायला नको होतं मला," दादा म्हणाले. "पण कुणीतरी यायला हवं होतं हो. नुसतं दार वाजवून विचारायला, की पोराच्या हाताला काय झालं. बाप घाबरला असता. एकदा तरी घाबरला असता."

आत्या दाराशी उभी होती, आल्यापासून पर्स खांद्याला तशीच. भावाची नजर तिला चुकवायची होती, पण तिच्याकडे भाऊ नाही, दादा बघत होते.

"तू केलास तो फोन," दादा तिला म्हणाले, "माझ्या वेळी कुणी करणारंच नव्हतं. मला आत्या नव्हती गं."

आत्यानं पर्स जमिनीवर टाकली आणि सगळ्यांसमोर, टॉवेलशिवाय, मोठ्यानं रडली. भाऊनं तिला जवळ घेतलं.